वर्तक बाईंचा खुलासा

वर्तक बाईंनी दोन पिढ्यांची सदसद्विवेकबुद्धी घडवली. हे वाक्य माझं नाही. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी ते व्यासपीठावरून म्हटलं, मग पुन्हा एकदा म्हटलं, आणि दुसऱ्या वेळी टाळ्यांसाठी थांबले. शेजारच्या खुर्चीत बाई नुकत्याच अंगावर आलेल्या शालीला लटकणारी दुकानाची चिठ्ठी नखाने तोडायचा प्रयत्न करत होत्या. ती तुटेना. शेवटी त्यांनी ती शालीच्या आत खोचली आणि चेहरा समारंभाला शोभेल इतका सद्गदित केला.

नंतर जिना उतरताना मला म्हणाल्या, "अहो तांबोळी, कसल्या दोन पिढ्या? निम्मी मुलं माझ्या तासाला बाकाखाली डबा खात होती."

मी त्या शाळेत भूगोल शिकवतो. शाळा सदाशिव पेठेत, त्यामुळे मुलांचे आईवडील, आजीआजोबा आणि समोरचा स्टेशनरीवाला या सगळ्यांनाच इतिहास आमच्यापेक्षा जास्त येतो. अशा ठिकाणी इतिहास शिकवणं म्हणजे हलवायाच्या घरी मिठाई घेऊन जाणं. बाई ते काम वर्षानुवर्षं करत होत्या आणि मिठाई कधीच नेत नव्हत्या.

उंच, किडकिडीत, सुती साडी, आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीतून छत्रीपासून पेरूपर्यंत काहीही निघे. खडू मात्र कधी निघत नसे, तो शेजारच्या वर्गातून मागवला जाई. बोलणं तुटक. विद्यार्थ्याचं कौतुक करायचं असेल तर "बरं आहे" म्हणत, आणि त्या शब्दांवर मुलं आठवडा काढत. उत्तरात 'थोर' किंवा 'महान' लिहिलेलं त्यांना खपत नसे. लिहिलंच कुणी, तर बाई समासात लाल शाईने विचारत, "यांच्या घरी पाणी कोण भरायचं?" मुलाला माहीत नसे. बाईंनाही बहुतेकदा माहीत नसे. पण पुढच्या परीक्षेत तो मुलगा 'थोर' लिहिताना थबकायचा, आणि तेवढंच त्यांना हवं असायचं.

त्या चहात साखर घेत नसत. याबद्दल शाळेत एक दंतकथा होती, की वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांबद्दल वाचल्यापासून बाईंनी साखर सोडली. ही कथा मुलं दरवर्षी नव्या मुलांना सांगत. एकदा एका माजी विद्यार्थिनीने स्नेहसंमेलनाच्या भाषणात ती डोळ्यांत पाणी आणून सांगितली. खरं कारण मधुमेह हे होतं. बाईंनी तसं दोनचारदा सांगूनही पाहिलं, पण मधुमेहाची गोष्ट कुणाला आवडली नाही.

उसाच्या मळ्यांचा प्रश्न मुळात येतो तो नववीत. पाठ्यपुस्तकात अटलांटिक महासागरावरून झालेल्या गुलामांच्या व्यापाराला एक परिच्छेद आहे. त्यातलीही अर्धी जागा जहाजाच्या चित्राने खाल्लेली. बाकीचे शिक्षक तो वाचून पुढे जातात. बाई त्याला दोन आठवडे देत आणि शेवटी वर्गात खटला भरवत. आरोपी ठरलेले असत: जहाजाचा कप्तान, ज्याचे पैसे त्यात गुंतले तो व्यापारी, जहाजाचा विमा उतरवणारा, किनाऱ्यावर माणसं पकडून विकणारा आफ्रिकेतला राजा, आणि लंडनमध्ये चहात साखर घालणारी एक बाई. आरोपपत्र नव्हतंच. प्रत्येकाने उभं राहून एवढंच सांगायचं, की यात माझा वाटा कोणता.

आता आमच्या पेठेतल्या मुलांना वाद घालायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. आरोपी व्हायला झुंबड उडे. विमावाला झालेला ओजस नावाचा मुलगा मला अजून आठवतो. कोट नव्हता म्हणून शाळेच्या स्वेटरची बटणं लावून उभा राहिला.

"माझा वाटा शून्य," तो म्हणाला. "मी फक्त विमा उतरवला. जहाजात काय भरायचं हे मी ठरवलेलं नाही. उद्या त्यांनी बटाटे भरले असते, तर मी बटाट्यांचा उतरवला असता."

वर्गाने बाकं बडवली. पोराचं भविष्य उज्ज्वल होतं.

"बरं आहे," बाई म्हणाल्या. "पण तू माणसांचा उतरवलास. माल म्हणून. म्हणजे आत काय आहे हे तुला ठाऊक होतं. आता असं कर, खाली बस. बाकाखाली. हं, आत. आता तेच वाक्य तिथून म्हण."

ओजस बाकाखाली गेला. 'मी फक्त' एवढं म्हणाला आणि थांबला. दोन बाकांमधून त्याचं डोकं तेवढं दिसत होतं. पोरं आधी हसली, मग हसायची थांबली.

दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, "बाई, त्या काळी सगळ्यांना ते योग्यच वाटायचं."

"सगळ्यांना? जहाजाच्या तळात होते त्यांना विचारलंस?"

  माझा या खटल्याशी संबंध असा, की भिंतीवर लावायचा मोठा नकाशा मी काढून देत असे. कोण कुठून निघालं, कुठे पोचलं, याचे बाण.

सगळ्यात आवडता आरोपी आफ्रिकेतला राजा. तो उभा राहिला की वर्गाला हायसं वाटे. "म्हणजे त्यांच्याच लोकांनी त्यांना विकलं!"

"त्यांचेच म्हणजे?" बाई विचारत. "दिल्लीच्या बादशहाने पुण्यातला माणूस पकडून विकला असता, तर 'आशियातल्यांनीच आशियातल्यांना विकलं' म्हणाला असतास का? राजा दोषी आहेच. पण त्याच्याकडून ज्याने घेतलं तो सुटला कसा? जबाबदारी म्हणजे लाडू नव्हे रे, वाटला की प्रत्येकाला कमी येईल."

एवढं होऊनही निकाल दरवर्षी तोच लागे. कप्तान, व्यापारी आणि राजा दोषी, विमावाला थोडासा, साखरवाली बाई निर्दोष. इंग्रजांना दोषी ठरवून मुलं आनंदाने मधल्या सुट्टीत वडापाव खायला जात. बाई नकाशा गुंडाळून मला परत देत आणि म्हणत, "छान झालं. फारच छान झालं." त्या आवाजात समाधान नसे.

मग ओजसच्याच वर्षी सानिका नावाच्या मुलीने हात वर केला. ही मुलगी सहसा बोलत नसे. खटला संपला होता, निकाल लागला होता. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "बाई, या नकाशात आपण कुठे आहोत?"

चूक माझीच होती. कागद पुरेना म्हणून मी नकाशा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याशी कापला होता. मी उठून तसं सांगायला लागलो, की हिंदुस्थान इथे, भिंतीच्या या खिळ्यापाशी येईल.

"तसं नाही सर," ती म्हणाली. "म्हणजे, आपल्याकडे माणसं विकायचे का?"

बाई खिडकीपाशी उभ्या होत्या.  म्हणाल्या, "हो. समुद्रापलीकडचा तो व्यापार आपला नव्हता. पण माणसं विकायचे. इथेच. पेशवाईत बायका विकत घेत, विकत, भेट म्हणून देत. कुणबिणी म्हणायचे त्यांना. घरात राबायच्या. आपण ज्या गल्ल्यांतून शाळेत येतो, त्या गल्ल्यांत."

घंटा झाली. त्या दिवशी वडापावला उशीर झाला.

संध्याकाळपर्यंत ते वाक्य पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी एक पालक शाळेत. हे गृहस्थ दर रविवारी लोकांना शहरातल्या जुन्या वास्तू दाखवत हिंडवतात; आवाज त्याच बेताचा कमावलेला. अध्यक्षांच्या खोलीत बैठक झाली. नववी 'ब'चा वर्गशिक्षक म्हणून मलाही बसवलं होतं.

"बाई जे बोलल्या ते खोटं आहे असं माझं म्हणणंच नाही," पालक म्हणाले.

"मग?" बाईंनी विचारलं.

"अहो, खरं आहे म्हणून काय सांगायलाच पाहिजे का? मुलं नववीत आहेत. या वयात अभिमान रुजवायचा की हे?"

"इंग्रजांचं सांगितलं तेव्हा तुम्ही आला नाहीत."

"ते इंग्रजांचं होतं!" ते म्हणाले, आणि आपण काय म्हणालो ते ऐकून क्षणभर थांबले. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "आणि अरबांचं काय? त्यांनी काय कमी माणसं विकली? ते नाही सांगत कुणी."

"सांगते की, दरवर्षी सांगते," बाई म्हणाल्या. "यांच्याकडे कशाला बघताय? हे भूगोल शिकवतात."

अध्यक्ष हसले. हसल्यावर ते नेहमी टेबलावरच्या काचेवरून हात फिरवतात. "बाई, वाद नको. विषय नाजूक आहे. वर्गात जाऊन दोन ओळींचा खुलासा करा, की माझ्या बोलण्याचा तसा अर्थ नव्हता. तुमचाही मान राहील, संस्थेचाही. नाहीतर मला हा खटला वगैरे प्रकार बंद करावा लागेल. आणि तुमची निवृत्ती जवळ आलीय, मला उगाच कागदोपत्री काही करायचं नाहीये."

बाईंनी पिशवी उचलली. "करते खुलासा," म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. या बाईंना मी मोठ्यामोठ्यांच्या तोंडावर 'यांच्या घरी पाणी कोण भरायचं' विचारताना पाहिलं होतं. पण माणूस थकतो, निवृत्तिवेतनाचे कागद अडकलेले असतात, आणि दोन ओळींनी आकाश कोसळत नाही. वारज्याला घरी जाताना रस्ताभर मी बाईंच्या वतीने अशी कारणं जमवत होतो. चांगली जमली होती.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला वर्ग गच्च होता. मुख्याध्यापिका दारात, त्यांच्या मागे ते पालक, आणि मागच्या बाकाशेजारी मी. बाई आल्या. पिशवी टेबलावर ठेवली.

"परवा मी एक वाक्य बोलले. आपल्याकडे माणसं विकत घेत, असं. त्या वाक्याचा खुलासा करायला मला सांगितलंय. त्यात चूक होती." दारातल्या पालकांनी मान डोलावली. "मी 'आपल्याकडे' म्हटलं. ते फार मोघम झालं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात असं काही नसेल. काहींच्या घरातल्या बायका विकल्याही गेल्या असतील, त्यांनाही मी त्या 'आपल्या'त ओढलं. मी म्हणायला हवं होतं, माझ्या घरात."

बाईंनी वर्गावरून एकदा नजर फिरवली.

"माझे वडील पाहुण्यांना घराण्याचं वैभव सांगायचे. दारात पालखी, गोठ्यात म्हशी, घरात कुणबिणी. याच क्रमाने. मी लहान होते, मलाही पाठ होतं. पाहुण्यांसमोर मीही म्हणून दाखवायचे, आणि मला लाडू मिळायचा. त्या म्हशींची नावं आमच्या घरात अजून सगळ्यांना माहीत आहेत. चंद्री, भिवरी. त्या बायकांची नावं कुणालाच माहीत नाहीत. मीही कधी विचारली नाहीत. झाला खुलासा."

ओजसचा हात वर गेला. हा मुलगा आपल्या वडिलांच्या श्राद्धालाही हरकत घेईल. "पण बाई, तुम्ही तर कुणाला विकत घेतलं नाही. मग तुम्ही दोषी कशा?"

"दोषी नाहीच रे मी. कोण म्हणतंय?" बाई म्हणाल्या. "पण पालखी माझी म्हणून मिरवायची, आणि ती बाई मात्र कुणा दुसऱ्याची, असं कसं चालेल? घ्यायचं तर सगळं घ्यावं लागतं. वह्या काढा."

मुलांनी वह्या काढल्या. दारातले पालक केव्हा गेले ते मला कळलं नाही. सानिका वही न काढता बाईंकडे बघत बसली होती. बाईंनी तिला रागावलं.

खटला पुढच्या वर्षीपासून बंद झाला. त्या तासाला सामान्य ज्ञानाची प्रश्नमंजूषा आली. बाईंवर कागदोपत्री काही झालं नाही. आपल्याच घराण्यावर कुणी आरोप केला तर कोणत्या नियमाखाली कारवाई करायची, हे संस्थेला सापडलं नसावं.

किंमत वसूल झाली ती घरी. बाई एकट्या राहत, आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचे थोरले भाऊ, अण्णा. बँकेतून निवृत्त झालेले, घराण्याच्या कुलवृत्तान्ताचे संपादक. रोज संध्याकाळी ते खाली चहाला येत आणि बहीणभाऊ तासभर एकमेकांच्या चुका काढत. खुलाशाची बातमी ज्या दिवशी पोचली, त्या दिवशी ते आले नाहीत. नंतरही आले नाहीत. वहिनी मधल्या मध्ये निरोप नेत.

"अण्णा म्हणतात, वीजबिल भरलं का विचार."

"त्यांना सांग, भरलं."

एकदा मी बाईंकडे बसलो असताना अण्णा जिन्यात उभे राहून वहिनींना मोठ्याने म्हणाले, "सांग तिला, घरातलं चव्हाट्यावर नेलं म्हणून कुणी मोठं होत नाही." बाईंनी आतून तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं, "सांग त्यांना, चव्हाटाच घराच्या दारात होता." मग मला म्हणाल्या, "चहा गार होतोय." पण त्यांचा स्वतःचा कप तसाच होता. पाच वाजले की त्यांची नजर दाराकडे जाई. वर्गात कुणी उशिरा आलं तर जायची तशीच.

निवृत्तीनंतर अध्यक्षांना बाईंची आठवण यायला लागली. माणूस शाळेत नसला की त्याच्याबद्दल प्रेम वाटणं सोपं जातं. त्यांनी आंतरशालेय अभिरूप न्यायालय स्पर्धा सुरू केली आणि तिला बाईंचं नाव दिलं. बाईंनी मला फोन केला. "अहो तांबोळी, जिवंत माणसाच्या नावाने स्पर्धा? यांना डॉक्टरांनी माझ्याबद्दल काही सांगितलंय का?"

तरी त्या आल्या, प्रमुख पाहुण्या म्हणून. पहिल्या वर्षीचा आरोपी होता मोबाईल. पुठ्ठ्याच्या खोक्यात शिरलेली एक मुलगी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती आणि दोन्ही बाजूंचे वकील यमकं जुळवत होते. बाईंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. शेवटी प्रश्न विचारायची विनंती झाली, तेव्हा बचावाच्या वकिलाला म्हणाल्या, "याच्या आतले धातू खणायला खाणीत कोण उतरतं?"

मुलगा गोंधळला. "बाई, तो मुद्दा आम्हाला दिलेला नव्हता."

"बरं आहे," बाई म्हणाल्या.

टाळ्यांच्या जोरावर निकाल लागला. मोबाईल निर्दोष सुटला.

बाहेर पडलो तर फाटकापाशी अण्णा उभे होते. हातात काठी, डोक्याला कानटोपी. मी मागे राहिलो. इतक्या वर्षांनी काहीतरी भारदस्त ऐकायला मिळणार, अशी माझी तयारी होती.

"सुमे," ते म्हणाले. "वाईला जाऊन आलो. नाशिकच्या मंडळींना फोन केले. मिरजेच्या काकूंना विचारलं, त्या नव्वदीच्या पुढे आहेत, त्यांना आठवेल असं वाटलं होतं." ते थांबले, दम लागला होता. "कुणालाच नाव माहीत नाही. एकीचंही नाही."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तू विचारलंस?"

"विचारलं म्हणजे? दोघांनी फोन ठेवला. एकजण म्हणाला, बहिणीचा रोग तुलाही लागला का."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, वय झालं, लागायचाच." ते दुसरीकडे बघायला लागले. "वृत्तान्ताची नवी आवृत्ती काढतोय. तिथे काय छापू ते सांग. जागा रिकामी सोडली तर छापखान्यावाला विचारतो, मजकूर राहिलाय का."

"राहिलाय म्हणून सांग त्याला," बाई म्हणाल्या. "सोड रिकामी."

मग त्यांनी अण्णांचा हात धरला. रस्ता ओलांडायचा होता, आणि संध्याकाळच्या सदाशिव पेठेत हात धरायला तेवढं कारण पुरतं. स्कूटरी दोन्ही बाजूंनी जात होत्या, कुणी थांबत नव्हतं. पलीकडे पोचेपर्यंत त्यांचा वाद सुरू झालेला मला दिसला. ऐकू आला नाही, पण बाईंचं बोट वर होतं आणि अण्णा काठी हलवत होते. मी बाईंना शेवटचं पाहिलं ते तेव्हा. त्या दिवाळीनंतर गेल्या. वहिनींनी सांगितलं, की तोवर रोज पाच वाजता अण्णा खाली जात होते.

स्पर्धेच्या नावात आता 'स्मृती' हा शब्द घातला आहे. यंदाच्या आरोपीचं नाव परवाच फलकावर लागलं. वडापाव. बचाव पक्षाकडे गर्दी आहे.